ट्रसवरचे लाइट: कमरेच्या उंचीवर टांगा, चेहऱ्यावर फोकस करा

लाइटच्या कामावर नव्याने आलेला माणूस सगळ्यात आधी शिडी शोधतो. लाइट वर लावायचे म्हणजे वर चढायला हवं, असा त्याचा सरळ हिशोब असतो. पण शिडीचा नंबर शेवटी लागतो, आणि आधीची कामं नीट झाली असतील तर तिच्यावर फार वेळ काढावा लागत नाही. ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा नळ्यांचा सांगाडा, कमरेच्या उंचीवर असताना पाच मिनिटांत होणारं काम तो सहा मीटर वर गेल्यावर अर्धा तास खातं, शिवाय खाली कुणाला तरी शिडी धरून उभं करावं लागतं. म्हणून मी या लेखात काम उंचीच्या क्रमाने सांगतो आहे. आधी कागद, मग जमीन, मग कंबर, आणि मग वर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. छताला टांगायचे पॉइंट कुठे घ्यायचे, कोणता ट्रस किती भार पेलेल, ट्रस उचलणारी साखळीची मोटर किती टनी लावायची, हे ठरवणं रिगरचं, म्हणजे टांगणीच्या जाणकाराचं, काम आहे. ते नवशिक्याने अंदाजाने करायचं नाही. पण रिगर काय बोलतो आहे ते तुम्हाला समजलं पाहिजे, कारण त्याला वजनांचा आकडा तुम्हीच देणार असता.

कागदावर

प्रत्येक लाइटचं वजन त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ते उतरवून घ्या. समजा, पाच किलोचे आठ एलईडी पार (साधे, स्थिर झोताचे लाइट) आणि बावीस किलोची चार मूव्हिंग हेड (मोटरने मान फिरवणारे लाइट). म्हणजे ४० अधिक ८८, एकूण १२८ किलो. इथेच थांबणारे बरेच भेटतात. बारा लाइटचे क्लॅम्प (लाइट नळीला पकडून ठेवणारे) आणि सेफ्टी (निसटलेला लाइट झेलणारी वायर) मिळून बारा किलो धरा, केबल वीस किलो धरा, बेरीज १६० होते. केबलचं वजन विसरणं ही सगळ्यात जुनी खोड आहे. तांब्याच्या जाड केबलची एक गुंडाळी उचलून बघा म्हणजे पटेल.

हा आकडा ट्रसच्या लोड चार्टशी, म्हणजे किती भार चालतो त्याच्या तक्त्याशी, ताडून बघताना भार पसरलेला आहे की एका जागी आहे, हे बघायचं. दोन टोकांना टांगलेल्या ट्रसवर १०० किलो सगळीकडे सारखे पसरले तर मधोमध जेवढा वाक येऊ पाहतो, त्याच्या दुप्पट जोर तेच १०० किलो नेमके मध्यावर टांगल्यावर लागतो. म्हणून चार्टमध्ये दोन वेगळे रकाने असतात. चुकीच्या रकान्यात बोट ठेवलं तर पुढचा सगळा हिशोब फुकट.

आता एक गंमत, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. लांब ट्रस तीन मोटरींवर टांगला की प्रत्येक मोटर एक तृतीयांश वजन उचलते, असं वाटतं ना? तसं होत नाही. तिन्ही मोटरी सारख्या अंतरावर, ट्रस अगदी पातळीत आणि भार सगळीकडे सारखा असेल, तर मधली मोटर पाच अष्टमांश भार घेते. म्हणजे ४०० किलोतले २५० एकट्या मधलीवर, आणि टोकांच्या वाट्याला फक्त ७५-७५. त्यात मधली मोटर इतरांपेक्षा थोडी जास्त वर खेचली गेली, तर टोकांच्या साखळ्या आणखी सैल पडतात आणि मधलीवरचं ओझं वाढत जातं. रिगर ट्रस वर नेताना सारखा थांबून पातळी का बघतो, त्याचं उत्तर यात आहे. तो उगाच वेळ काढत नसतो.

कागदावरचं दुसरं काम कोनांचं. चेहऱ्यावरचा प्रकाश साधारण ४५ अंशांतून खाली आला तर नाक-डोळे नैसर्गिक दिसतात. फार खालून आला तर चेहरा चपटा, फार वरून आला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. येल विद्यापीठातल्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पद्धत आजही पहिला धडा म्हणून शिकवली जाते. रंगमंचाचे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर डावीकडून-उजवीकडून दोन लाइट तिरपे टाकायचे, एक उबदार छटेचा, एक थंड छटेचा. तंतोतंत पाळलीच पाहिजे असं नाही, पण हात बसेपर्यंत धरून ठेवायला चांगली आहे.

४५ अंशांसाठी ट्रस कुठे हवा, याचं गणित सोपं आहे. ट्रस रंगमंचापासून ६ मीटर उंच, चेहरा जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर. फरक ४.४ मीटर. म्हणजे समोरून मारायचा असेल तर लाइट नटाच्या पुढे ४.४ मीटर अंतरावर हवा. तिरपा मारायचा असेल तर तेवढंच अंतर तिरप्या रेषेत मोजायचं.

आणि लाइट किती अंशांचा घ्यायचा? लाइटपासून अंतर ६ मीटर असेल तर १९ अंशांचा प्रोफाइल (कड धारदार करता येणारा भिंगाचा लाइट) साधारण २ मीटर व्यासाचा गोल देतो, २६ अंशांचा पावणेतीन, ३६ चा जवळपास ३.९, आणि ५० चा साडेपाच मीटरच्या थोडा वर. हे आकडे पाठ करायची गरज नाही, अंतर दुप्पट झालं की गोल दुप्पट होतो एवढं लक्षात ठेवा. त्याच वेळी उजेड मात्र चौथाई होतो. मागच्या ट्रसवर हलवलेला लाइट अचानक मेल्यासारखा का वाटतो, ते यावरून समजेल.

जमिनीवर

ट्रसचे तुकडे जमिनीवर जोडून झाले की तुम्हाला जे दिसतं ते रिगरच्याही नजरेतून सुटू शकतं, म्हणून बघत चला. जोडाच्या प्रत्येक पिनमध्ये आर-क्लिप (पिन निसटू न देणारी तारेची क्लिप) आहे का? नळीवर पोचा किंवा आडव्या काडीच्या वेल्डिंगला तडा आहे का? असेल तर तो तुकडा बाजूला. खडूची खूण करून, सांगून, बाजूला.

मग टेप घ्या आणि ट्रसचा मध्य काढा. लाइटच्या जागा नेहमी मध्यापासून दोन्हीकडे मोजायच्या. एका टोकापासून मोजत गेलात की प्रत्येक मोजमापातली बोटभर चूक साचत जाते आणि शेवटचा लाइट वीतभर सरकलेला निघतो. प्रेक्षकाला आकडा कळत नाही, पण डाव्या-उजव्या बाजूंत काहीतरी खटकतंय हे डोळ्याला कळतं. पांढऱ्या टेपच्या तुकड्यावर लाइटचा नंबर लिहून नळीवर चिकटवा.

जड लाइटची जागा शक्यतो आडव्या काड्या मुख्य नळीला मिळतात त्या सांध्याजवळ ठेवा. आणि सगळे लाइट पुढच्या एकाच नळीवर लावू नका. चौकोनी ट्रसची पुढची नळी भरली आणि मागची रिकामी राहिली की वर गेल्यावर ट्रस पुढे कलंडतो, आणि खाली काढलेले सगळे कोन बिघडतात. मागच्या नळीवर काही लाइट किंवा निदान केबलचं ओझं ठेवून तोल साधा.

कमरेच्या उंचीवर

आता ट्रस कमरेपर्यंत उचला. खऱ्या अर्थाने काम इथेच होतं.

आधी क्लॅम्प. क्लॅम्पवर नळीचा व्यास आणि किती किलो चालतील ते कोरलेलं असतं, दोन्ही वाचा. बहुतेक चौकोनी ट्रसची मुख्य नळी सुमारे ५० मिलिमीटरची असते. एक बोल्ट टोकाने नळीत रुतणारा लोखंडी हुक क्लॅम्प अॅल्युमिनियमच्या ट्रसला लावू नका. लोखंडी बारवर तो उत्तम, पण अॅल्युमिनियमच्या नळीला त्याने खड्डा पडतो, आणि खड्डा पडलेली नळी कमजोर झाली असं समजायचं. अॅल्युमिनियमला नळीभोवती पूर्ण वेढा घालणारा हाफ कपलर घ्या.

घट्ट किती करायचा? हाताने बसेल तेवढा आधी हातानेच, मग पान्याने थोडा. क्लॅम्प नळीवर घसरायला नको, फिरायला नको, एवढं पुरे. लांब पाना लावून अंगाचं वजन टाकणारे उत्साही लोक नळी चेपवतात. क्लॅम्पला लाइटचा यू-ब्रॅकेट (लाइट धरणारा यू आकाराचा पट्टा) जोडणारा बोल्ट मात्र वेगळा. तो एवढाच आवळा की लाइट आपोआप फिरणार नाही, पण दोन्ही हातांनी जोर दिला की फिरेल. फोकस झाल्यावर तो पक्का होणार आहे.

मग सेफ्टी. ही पोलादी वायर क्लॅम्प निसटला तर लाइट झेलण्यासाठी आहे, आणि झेलणं किती अवघड असतं त्याचा हिशोब करून दाखवतो. २० किलोचा लाइट एक मीटर पडला आणि वायरने त्याला पाच सेंटिमीटरच्या आत थांबवलं, तर त्या क्षणी वायरवर सरासरी सुमारे ४२० किलोचा ताण येतो. तोच लाइट दहाच सेंटिमीटर पडला तर ताण ६० किलो. वायर तीच, लाइट तोच. म्हणून सेफ्टी ढिली, लोंबती ठेवायची नाही. लाइट फोकसला हलेल एवढीच मोकळीक द्यायची आणि उरलेली वायर ट्रसभोवती आणखी एक वेढा देऊन संपवायची. ती लाइटच्या अंगावर दिलेल्या सेफ्टीच्या कड्यातून घ्या. नुसत्या यू-ब्रॅकेटभोवती गुंडाळली आणि ब्रॅकेटचाच बोल्ट तुटला, तर वायर रिकामा ब्रॅकेट झेलत बसेल. बार्नडोअर (झोत कापणारी पत्र्याची झडप) आणि जेल फ्रेम (रंगीत कागदाची चौकट) यांनाही स्वतःची बारीक साखळी किंवा वायर हवी. बार्नडोअर दिसायला पत्रा, पण सहा मीटरवरून डोक्यात पडला तर पत्रा राहत नाही.

मूव्हिंग हेडला दोन ओमेगा ब्रॅकेट असतात, चौथाई फिरवून अडकणारे. दोन्ही बसले का ते आवाजावर सोडू नका, धरून ओढून बघा. सगळ्या हेडची तोंडं एकाच दिशेला ठेवा, उदाहरणार्थ सगळ्यांचे डिस्प्ले रंगमंचाच्या मागच्या बाजूला. एक जरी उलटं लागलं तर कन्सोलवरून (लाइट चालवायच्या बटणांच्या टेबलावरून) सगळी हेड डावीकडे वळतील आणि ते एकटं उजवीकडे. कन्सोलमधून हे सावरता येतं, पण ते पुढच्या माणसासाठी कोडं ठेवून जाण्यासारखं आहे.

आणि पॅन-टिल्टची, म्हणजे मान आडवी फिरवण्याची आणि वर-खाली कलवण्याची, लॉक. वाहतुकीत मान हलू नये म्हणून ती लावलेली असतात. माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात मी अकरा हेडची लॉक काढली आणि बारावं राहिलं. ट्रस वर गेला, पॉवर दिली, अकरा हेडनी माना फिरवून घेतल्या आणि बारावं कर्रकर्र करत जागीच थरथरत राहिलं. दारं उघडायला वीस मिनिटं होती. सगळा ट्रस केबलसकट खाली घ्यावा लागला. तेव्हापासून मी लॉक काढल्यावर प्रत्येक मान हाताने एकदा पूर्ण फिरवून बघतो, आणि मोजतो. मोठ्याने मोजतो.

केबल टाकताना पॉवर आणि डीएमएक्स (कन्सोलचा हुकूम लाइटला पोचवणारा सिग्नल) दोन्ही नळीला बांधत न्या, पण प्रत्येक लाइटपाशी एक सैल फास सोडा. मूव्हिंग हेडच्या मानेत केबल अडकणार नाही अशी जागा बघून सोडा. उरलेली पॉवर केबल घट्ट गुंडाळून ट्रसवर ठेवू नका. भरपूर करंट वाहत असेल तर गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू शकतं. २३० व्होल्टवर हजार वॅटचा हॅलोजन पार साधारण ४.३ अॅम्पिअर घेतो, त्यामुळे १६ अॅम्पिअरच्या लाइनवर असे तीनच. चौथा लावून बघू, हा विचार प्रयोगाच्या मध्यात अंधार करतो.

डीएमएक्स एका लाइटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा साखळीने जातो. एका लाइनमध्ये ५१२ चॅनल आणि साधारण ३२ लाइट ही मर्यादा, त्यापुढे सिग्नल वाटून देणारा स्प्लिटर. शेवटच्या लाइटला १२० ओमचा टर्मिनेटर (लाइनचं टोक बंद करणारा प्लग) लावा. माइकची केबल बसते म्हणून वापरू नका, ती या सिग्नलसाठी बनलेली नसते. लाइट मधूनच लुकलुकायला लागले तर आधी तिच्याकडेच बघा. पत्ता म्हणजे लाइटच्या पहिल्या चॅनलचा नंबर, त्याचं गणित बेरजेचं आहे. सोळा चॅनलचं हेड असेल तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, चौथ्याचा ४९.

आता ट्रस कमरेवर असतानाच पॉवर द्या आणि एकेक लाइट पेटवा. प्रत्येक रंग, प्रत्येक मान, प्रत्येक पत्ता. त्याच वेळी अंदाजी कोनही देऊन ठेवा. समोरून खाली यायचा असेल तर ४५ अंशांवर कलवून, कडेचा असेल तर वळवून. हेडना पॅन आणि टिल्ट दोन्ही ५० टक्के द्या. सगळ्या माना एकसारख्या दिसायला हव्यात, एखादी वेगळी दिसली की तिचा क्लॅम्प तिरपा बसला आहे.

वर नेताना

ट्रसखाली कुणी नाही, कुणीच नाही. एक जण मोटरींचा ताबा घेतो, बाकीचे एकेका टोकाकडे आणि केबलकडे बघतात. मीटरभर वर जाऊन थांबा. कुठे करकर होते का, केबल ताणली का, ट्रस पुढे कलला का, बघा. मग टप्प्याटप्प्याने वर, दर टप्प्याला दोन्ही टोकांची उंची रंगमंचापासून मोजा. जागेवर पोचल्यावर रिगर पोलादी दोराचा दुसरा आधार देईपर्यंत काम संपलं असं धरू नका. पॉलिएस्टरची स्लिंग (ट्रसला वेढणारा पट्टा) वापरली असेल तर ती गरम लाइटजवळ नाही याची खात्री करा. पॉलिएस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि हॅलोजन लाइटजवळ तापमान बरंच चढतं.

फोकस

सभागृहातले दिवे बंद. एका वेळी एकच लाइट, पूर्ण तेजाने. तीन माणसं लागतात: एक कन्सोलवर, एक शिडीवर, एक रंगमंचावर. शिडीवर जाणाऱ्याने खिसे रिकामे करायचे आणि पाना मनगटाला दोरीने बांधायचा. शिडी दुसऱ्याने धरायची आणि काही निसटलं तर वरून ओरडायचं, "खाली सांभाळा!"

रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवीन माणसाला नेमकं तेच देतात, कारण ते सोपं दिसतं. त्या माणसाने त्या भागाच्या मध्यावर उभं राहून लाइटकडे पाठ करायची. टक लावून लाइटकडे बघायचं नाही, डोळ्यांपुढे पुढची दहा मिनिटं हिरवे ठिपके नाचतात. समोर जमिनीवर आपली सावली पडलेली दिसते. उजेडाचा सगळ्यात तेज भाग डोक्याच्या सावलीवर आला की लाइट चेहऱ्यावर बरोबर बसला.

इथे नव्यांची हमखास चूक होते. ते लाइट जमिनीवरच्या खुणेवर रोखतात. जमिनीवर सुंदर गोल दिसतो, नट येऊन उभा राहतो आणि त्याची चप्पल झळाळते, चेहरा अंधारात. ४५ अंशांच्या लाइटने १.६ मीटर उंचीचा चेहरा गाठायचा असेल तर तेजाचा मध्य जमिनीवर त्याच्या मागे १.६ मीटरवर पडायला हवा. म्हणजे जमिनीवर बघितलं तर लाइट चुकल्यासारखाच दिसणार. तो चुकलेला नाही.

मध्य मिळाला की शिडीवरच्याने आधी बाजूचा बोल्ट, मग वरचा आवळायचा. आवळताना लाइट हमखास बोटभर हलतो, म्हणून रंगमंचावरच्याने आवळून होईपर्यंत जागा सोडायची नाही. मग आकार. फ्रेनेलला (मऊ कडेचा झोत देणाऱ्या लाइटला) मागची कळ सरकवून गोल लहान-मोठा करा आणि पडद्यावर, झालरीवर सांडणारा उजेड बार्नडोअरने कापा. पारच्या दिव्याचा झोत लंबगोल असतो, त्यामुळे तो आडवा हवा की उभा ते ठरवून मागून दिवा फिरवा, हातमोजा घालून. उघड्या हॅलोजन बल्बला मात्र थंड असतानाही बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

प्रोफाइलला शटर (झोत कापणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) असतात, आणि त्यांच्यात सगळं उलटं चालतं. भिंगातून प्रतिमा उलटी होते म्हणून वरचं शटर आत ढकललं की झोताचा खालचा भाग कापला जातो, डावं ढकललं की उजवा. सुरुवातीला प्रत्येक जण चुकीचं शटर ढकलतो, लाज वाटून घेऊ नका. कड आधी धारदार करून शटर लावा आणि शेवटी भिंग थोडं सरकवून कड मऊ करा, म्हणजे शेजारच्या लाइटमध्ये ती विरघळून जाते.

सगळे लाइट झाले की ते एकदम लावा, तळहात डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाला. तळहात कुठे मंदावतो ते बघा. मंदावला तिथे दोन भागांमधली जोड कमी पडते आहे. शेजारचे झोत साधारण एक तृतीयांश एकमेकांवर आले तर असे खड्डे पडत नाहीत. जेल आणि रंग यानंतर. आधी घातले तर गडद निळ्याखाली हे खड्डे दिसतच नाहीत.

उतरवताना

प्रयोग संपला की लगेच हात घालू नका. हॅलोजन लाइट थंड व्हायला वेळ घेतात, आणि डिस्चार्ज दिव्याच्या (एलईडी नसलेल्या) मूव्हिंग हेडचे पंखे थांबेपर्यंत पॉवर काढू नये. ट्रस कमरेपर्यंत आणा. पॉवर बंद, मग केबल मोकळी, मूव्हिंग हेडच्या मानेला लॉक, मग एकाने लाइट दोन्ही हातांनी पेलून धरायचा आणि दुसऱ्याने क्लॅम्प उघडायचा. सेफ्टी सगळ्यात शेवटी, लाइटचं पूर्ण वजन हातात आल्यावर.